हिरव्या पाखराची नोंद

घरी कोणी भेटायला आलं की चहा होईपर्यंत सासरे त्यांना चक्राची गोष्ट सांगतात. माणूस मराठी असला तर मराठीत, शेजारपाजारचा असला तर हिंदीत. सासूबाई गेल्या त्याच्या दहाव्या दिवशी दिव्याशेजारच्या पिठात कसं गोल चक्र उमटलं, किती गोल, आणि त्याचा अर्थ काय, हे सगळं सांगून झालं की ते स्वयंपाकघराच्या दाराकडे हात करतात. "पूछ लो बहू से. साइंस पढ़ाती है, बिना सबूत के कुछ नहीं मानती. उसने भी देखा है." मग पाहुणे माझ्याकडे बघतात. मी हातातला ट्रे सांभाळत मान हलवते आणि बिस्किटांची बशी पुढे करते.

चक्र मी पाहिलं हे खरं आहे. ते उमटलं माझ्यामुळेच, हेही खरं आहे, आणि हे दुसरं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मी फ्रीगंजमधल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा इथलं मराठी ऐकून मला हसू यायचं, आता माझ्या माहेरचे लोक माझं मराठी ऐकून हसतात. पाखरांचा नाद लागला तो पेपर तपासताना. मागच्या ओसरीत ट्यूबखाली बसले की भिंतीवर रोज नवीन कोणीतरी येऊन बसलेलं असायचं. रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगांना आमच्याकडे सगळे पाखरंच म्हणतात. मी सहज फोटो काढायला लागले. मग कळलं की अशा फोटोंची नोंद ठेवणारी एक वेबसाइट आहे. फोटो, जागा आणि तारीख चढवायची, जाणकार लोक तपासतात आणि ओळख पक्की करतात. नकाशावर आमच्या भागात पाखरांच्या नावाने जवळजवळ काहीच नव्हतं. आपण चढवू ते इथलं पहिलंच, ही गोष्ट माझ्या डोक्यात गेली, हे मान्य करायला हवं. बाकी कशात मी कधी पहिली आले नव्हते.

माझी पद्धत ठरलेली होती. मागच्या ओसरीत सासऱ्यांचं जुनं पांढरं धोतर दोरीवर ताणून लावायचं, त्यावर ट्यूब चालू ठेवायची आणि निवांत झोपायचं. पहाटे उजाडता उजाडता उठून धोतरावर कोण कोण बसलंय ते बघायचं. उशीर करून चालत नाही. बुलबुल आणि साळुंक्या फार लवकर शिकतात. इथे रोज सकाळी ताट मांडलेलं असतं हे त्यांना एकदा कळलं की माणसाआधी त्या हजर. खाली फरशीवर नुसते पंख उरतात.

सासूबाईंची झोप लवकर उघडायची. सुरुवातीला त्यांना हा प्रकार बिलकुल पसंत नव्हता. "आधीच पाली कमी आहेत का घरात, त्यात तू आणखी दावत देऊन राहिली," म्हणाल्या. पण पक्षी पाखरांना मटकावतात हे पाहिल्यावर त्यांनी स्वतःहून पहारा सुरू केला. वर्तमानपत्राची सुरळी हातात, खुर्ची धोतराच्या समोर, आणि बुलबुल ओसरीसमोरच्या तारेवर उतरला की "हाड!" काही वेगळं दिसलं की माझ्या खोलीच्या दारावर टकटक व्हायची. "ऊठ गं, तुझे पाहुणे आलेत." कॉलनीत मला 'पतंगेवाली मॅडम' म्हणायचे, पण निम्मं काम त्यांचं होतं. वेबसाइटवर मात्र सगळीकडे एकट्या माझंच नाव आहे.

त्या पावसाळ्यात, गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी, अशीच टकटक झाली. "लवकर ये, हिरवं आलंय. शेपट्यांचं." शाळा नुकती सुरू झाली होती, मी थकलेली होते. "आले," म्हणाले आणि कूस बदलली. त्यांनी पुन्हा हाक मारली. मी गेले तेव्हा धोतर रिकामं होतं आणि बुलबुल तारेवर बसून चोच पुसत होता. मला बोलवायला त्या दारापर्यंत आल्या, तेवढ्यात पहारा सुटला होता.

त्यांनी हाताचा पंजा पूर्ण उघडून दाखवला. "एवढं मोठं. रंग एकदम पिस्त्याच्या बर्फीसारखा. अंग पांढरं, लोकरीचं. पंखांवर डोळे काढलेले, आणि मागे दोन लांब शेपट्या."

मला तिथल्या तिथे कळलं की हे काय असेल. मून मॉथ म्हणतात त्याला. ते जंगलातलं पाखरू. भर वस्तीत, आमच्या ओसरीत ते यावं ही मोठीच गोष्ट होती. नाश्त्याला मी त्या दोघांना त्याचा फोटो दाखवला आणि सवयीप्रमाणे शिकवायलाच लागले. याला तोंड नसतं, म्हणाले. अळी असताना जे खाईल तेच, पुढे पाखरू झालं की खाण्याचा प्रश्नच नाही. आठवडाभर उपाशी जगतं, अंडी घालतं आणि मरतं.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "आँ? तोंडच नाही? बिचारं गं."

"असला जन्म दुश्मनालाही नको," सासरे म्हणाले आणि त्यांनी पोह्यांवर आणखी शेव घेतली.

मग सासूबाई म्हणाल्या, "लिहून टाक ना मग. इथे आलं होतं म्हणून."

"आई, फोटो नाही ना."

"मी पाहिलं ना पण."

"तसं नाही चालत. पुरावा लागतो."

"मी सांगून राहिली, ते काहीच नाही?"

खरं तर चालतं. फोटो नसला तरी 'नुसतं पाहिलं' अशी नोंद करता येते. ती अपुष्ट म्हणून वेगळी राहते इतकंच. पण माझ्या पानावर एकही अपुष्ट नोंद नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता. सासूबाई पुढचे काही दिवस रोज विचारत राहिल्या, "चढवलं का गं माझं पाखरू?" एकदा मी वैतागले. वर्गात एखाद्या मुलीला बोलते तसं बोलले, "आई, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. आधी तो बघू." पहारा त्यांनी सोडला नाही, पण नंतर माझ्या दारावर कधी टकटक केली नाही. मी उठून येईपर्यंत बुलबुल हाकलत बसायच्या आणि मी आले की उठून चहा ठेवायला जायच्या. मला ते कळत होतं. माफी मागायला मला मुहूर्त सापडत नव्हता, आणि तशी घाई आहे असंही वाटत नव्हतं.

घाई होती. महिन्याभरात त्यांच्या पायांवर सूज आली, तपासण्या झाल्या, किडन्या गेल्याचं निघालं. दवाखान्यातून घरी आणल्या ते पथ्याची मोठी यादी घेऊनच. मीठ नाही, हे नाही, ते नाही. सासऱ्यांनी ते पथ्य अक्षरशः पाळलं. रेल्वेत नोकरी केलेला माणूस, नियम म्हणजे नियम. सासूबाईंना एकच हवं होतं, टावर चौकातले पोहे आणि गरम जलेबी. लहान मुलीसारख्या मागायच्या. "एक जलेबी. अर्धी तरी आणून द्या." सासरे म्हणायचे, "बरी हो पहिले. मग मी स्वतः नेईन, बसून खा." त्या बऱ्या झाल्या नाहीत. घरीच, मधल्या खोलीत गेल्या. सासरे रडले नाहीत, नुसतं म्हणत राहिले, "तिने मागितलं आणि मी दिलं नाही. भुकेली गेली ती."

आमच्या घरात एक रीत आहे. माणूस जिथे जातं तिथे दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा. शेजारी परातीत गव्हाचं पीठ चाळून सारखं पसरायचं आणि त्यावर टोपली पालथी घालायची. टोपलीची एक बाजू विटेच्या तुकड्यावर टेकवून उचललेली ठेवायची, येणाऱ्याला वाट हवी म्हणून. मधे कोणी टोपलीला हात लावायचा नाही. दहाव्या दिवशी घाटावरून आल्यावर ती उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पक्ष्याचा पाय असेल तर पक्ष्याचा जन्म, किड्याचा माग असेल तर किड्याचा. सासऱ्यांच्या आईच्या वेळी मुंग्यांची रांग निघाली होती. तेव्हापासून आजपर्यंत ते रोज सकाळी अंगणाच्या कोपऱ्यात चिमूटभर साखर टाकतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, किती दयाळू माणूस. नंतर कळलं, ते आईला जेवू घालतात.

म्हणून या वेळी ते त्या टोपलीभोवती किती जीव मुठीत धरून फिरत होते हे मला ठाऊक होतं. खिडकी उघडी ठेवायची असं त्यांनीच सांगितलं. दिव्यात तेल घालायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवसांत मी मागची ट्यूब बंद ठेवली होती आणि धोतर काढून घडी करून ठेवलं होतं, सुतकात असले चाळे बरे दिसत नाहीत म्हणून. त्यामुळे मागच्या बाजूला सगळा अंधार, आणि उजेड एकच, मधल्या खोलीतला दिवा.

दहाव्या दिवशी पहाटे मी तेल घालायला गेले, तर टोपलीच्या कामट्यांमधून काहीतरी हललं. वाकून पाहिलं. आत हिरवं होतं.

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. टोपली उचललीच. पिठाच्या मधोमध ते बसलं होतं, पंख पूर्ण पसरून, लोकरीचं पांढरं अंग, दोन शेपट्या. रंग पिस्त्याच्या बर्फीसारखा. त्याहून चांगलं वर्णन मला आजही करता येत नाही. दिवा हातभर अंतरावर. हे उडालं तर सरळ ज्योतीत जाईल अशी भीती वाटली, आणि मोबाइल माझ्या खोलीत चार्जिंगला लावलेला. स्वयंपाकघरात पिठाची चाळण पहिली हाताला लागली. ती आणून मी त्याच्यावर पालथी घातली, धावत मोबाइल आणला, चाळण अलगद उचलली आणि फोटो काढायला लागले. वरून, बाजूने, जवळून, पुन्हा वरून. ते हललं नाही. मी गुडघ्यांवर बसले होते आणि हसत होते. जिथे सासूबाई गेल्या त्याच जागी बसून मी हसत होते.

मनात आधी आलं ते हे, की इथली पहिली नोंद. आई खरं बोलत होत्या, हे त्यानंतर आलं. हा क्रम मला बदलता आला असता तर बरं झालं असतं.

बाथरूममध्ये नळ सोडल्याचा आवाज आला. सासरे उठले होते. मी पाखराखाली बोट सरकवलं, ते मुकाट्याने बोटावर चढलं. त्याला अंगणात नेऊन जास्वंदीच्या आतल्या फांदीवर बसवलं. परत आले तेव्हा पिठाकडे लक्ष गेलं. चाळणीच्या कडेचं एक स्वच्छ वर्तुळ होतं, कुठे तुटलेलं नाही. आत पंखांनी पीठ थोडं उडालेलं, बारीक रेघा मधून बाहेर गेलेल्या. पीठ सारखं करावं असं वाटलं, पण हात पुढे होईना. पुसणं हे उमटवण्याहूनही वाईट वाटलं. मी टोपली होती तशी ठेवली. म्हटलं, ते घाटावरून येण्याआधी विचार करू. नवऱ्याला बाजूला घेऊन सांगू.

घरातले पुरुष घाटावर गेले. सकाळ सगळी माझ्या हातात होती. त्यात मी पोळ्या केल्या, साधं वरण केलं, आणि दर दोन पोळ्यांनंतर हात पुसून मोबाइल उघडून तो फोटो मोठा करून पाहिला. पंखांवरचे डोळे, मिशांचे तुरे. विचार काही केला नाही.

ते परतले ते दुपार टळल्यावर. कावळा शिवला नव्हता. पिंडाशेजारी पानावर सासऱ्यांनी पोहे आणि जलेबी ठेवली होती, पहाटे स्वतः जाऊन आणलेली. कावळे झाडावर होते, पण खाली कोणी उतरेना. नवऱ्याने हात जोडून नाही नाही ती आश्वासनं दिली. उन्हात किती वेळ थांबले कोण जाणे. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला. नवरा दारातच मला हे हळू आवाजात सांगत होता, तेवढ्यात सासरे पाय धुऊन सरळ मधल्या खोलीत गेले. मी "बाबा, थांबा जरा," म्हणाले. म्हणाले की नुसतं मनात आलं, हे आता मला नक्की सांगता येत नाही.

त्यांनी टोपली उचलली आणि खाली बसले. मग बोट न लावता हवेतच त्या वर्तुळावरून बोट फिरवलं.

"ना पाय, ना माग," ते म्हणाले. "चक्र आहे. पूर्ण चक्र. सुटली ती." आणि मग माझ्याकडे वर पाहून, "तू पाहा. तुला खोटं नाही चालत. गोल आहे ना?"

मी काय सांगणार होते? की ते चाळणीचं आहे, आणि चाळणीच्या आत जे बसलं होतं त्याला तोंड नसतं? की तुमच्या रीतीप्रमाणे धरायचं तर तुमची बायको जलेबी मागत मेली आणि आता तिला खाताच येणार नाही अशा जन्माला गेली? हे सगळं मीच त्यांना नाश्त्याच्या टेबलावर शिकवलं होतं. माझा स्वतःचा त्या रीतीवर विश्वास नाही, पण त्यांचा आहे.

"गोल आहे, बाबा," मी म्हणाले.

तेव्हा ते रडले. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदा. मग पोटभर जेवले, आणि पानावरून परत आणलेली नव्हे, पुड्यात उरलेली एक जलेबी त्यांनी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत झोपले. नवरा म्हणाला, "चला, बाबांचं मन तरी शांत झालं." त्याला सांगायचं ठरवलं होतं, पण त्याचा चेहरा पाहून तेही राहिलं.

ते झोपले असताना मी अंगणात गेले. जास्वंदीखाली एक हिरवा पंख पडला होता, शेपटीसकट. त्यावर अजून थोडं पीठ होतं. उजाडता उजाडता त्याला झाडावर सोडून मी आत निघून आले होते आणि त्या दिवशी सुरळी घेऊन बसणारं कोणी नव्हतं. पंख मी पाचोळ्याबरोबर झाडून टाकला. ठेवून घ्यायला हवा होता असं नंतर वाटलं. पण ठेवणार कुठे?

फोटो मी चढवला नाही. कापून-छाटून चढवावा असंही मनात आलं, पण पाखरू पिठातच बसलेलं आहे, पंखांखाली पीठ आहे, चारी बाजूंनी वर्तुळाची कड आहे. शिवाय खाली तारीख येणार. आणि सासरे माझं पान रोज बघतात. आधी बघत नसत; सासूबाई गेल्यावर बघायला लागले. मोबाइल नाकाजवळ धरून एकेक पाखरू मोठं करून पाहतात. मी फार अवघड काम करते असं त्यांना वाटतं. खऱ्याशिवाय काही न लिहिणारी सून, असं ते टावर चौकात दुकानदारांना सांगतात, आणि त्याला जोडूनच चक्राची गोष्ट येते. माझ्या नावाचा त्यांनी पुरावा केला आहे. दर वेळी मान हलवताना मला लाज वाटते, आणि लाज वाटूनही मी हलवते.

या पावसाळ्यात मी पुन्हा धोतर लावलं. पहिल्याच दिवशी पहाटे उठून आले तर खुर्चीवर सासरे बसलेले, हातात वर्तमानपत्राची सुरळी. "दोन बुलबुल आले होते, हाकलले," म्हणाले. तेव्हापासून पहारा त्यांच्याकडे आहे. हाक मारत नाहीत, कारण मीच आता त्यांच्या आधी उठायचा प्रयत्न करते.

परवा धोतरावर काही विशेष नव्हतं. एरंडावरची नेहमीची, काही सुकल्या पानासारखी. मी फोटो काढत होते. ते म्हणाले, "हिच्या हिरव्याची नोंद झालीच नाही ना शेवटी?"

"नाही."

"फोटो नव्हता म्हणून."

"हो."

त्यांनी सुरळी मांडीवर ठेवली. "एक बोलू? राग नको मानू. चक्राचा तरी कुठे फोटो आहे? तू पाहिलं, तू सांगितलं, सगळ्यांनी मानलं. मग ती सांगत होती ते तू का नाही मानलंस? खोटं बोलणारी होती का ती?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच माझ्याकडून समजून घ्यायचं होतं. माझ्या हातात मोबाइल होता आणि त्यात तो फोटो होता.

"नव्हत्या," मी म्हणाले. "चूक माझी होती, बाबा. आज लिहिते."

"मग लिही. गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवसाची सकाळ. मला आठवतं, त्या दिवशी पोहे होते."

मी तिथेच ओसरीत बसून नोंद केली. जागा लिहिली, तारीख शोधून टाकली. पाहणाऱ्याच्या जागी पहिल्यांदाच दुसरं नाव लिहिलं, सासूबाईंचं. वर्णनात त्यांचेच शब्द लिहिले, पंजाएवढं, पिस्त्याच्या बर्फीचा रंग, मागे दोन शेपट्या. सासरे मागे उभे राहून वाचत होते. "बर्फीचं लिहिलंस ना," म्हणाले आणि समाधानाने चहा ठेवायला गेले.

संध्याकाळी तपासणाऱ्यांकडून उत्तर आलं. कोण कुठले, मला माहीत नाही, पण माणूस सज्जन असावा. त्यांनी लिहिलं होतं की वर्णन अगदी अचूक आहे आणि या भागासाठी ही नोंद फार महत्त्वाची ठरेल; मात्र पक्की करायची तर फोटो हवा. याच पाखराचा नव्हे, या परिसरातल्या याच जातीच्या दुसऱ्या एखाद्या पाखराचा असला तरी चालेल, तेवढ्यावर ही नोंद मानता येईल. असा एखादा फोटो तुमच्याकडे आहे का?

आत सासरे कोणाशी तरी फोनवर बोलत होते. त्यांचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. चक्रापर्यंत आले होते.

मी फोटो उघडला. इतक्या दिवसांनीही पंखांवरचे डोळे स्वच्छ दिसत होते. सासूबाईंनी सांगितलेलं सगळं त्यात होतं, एकही गोष्ट कमी नाही. मी तो बंद केला आणि उत्तरात लिहिलं, "नाही."

"गेली का गं तिची नोंद?" सासऱ्यांनी फोन ठेवून आतून विचारलं.

"गेली, बाबा," मी म्हणाले आणि धोतर लावायला उठले.